बसऱ्याचे वाल

घास तोंडात गेला आणि हौसाबाईंना वाटलं, आपण भलतंच काहीतरी चावलं. जिभेच्या मागच्या अंगाला कडू झोंबलं आणि ते घशाखाली उतरायच्या आत त्यांनी ते ताटाच्या कडेला थुंकून टाकलं. समोर रघू मुकाट जेवत होता. त्याने आधीच दोन-तीन घास गिळले होते, बायकोला वाईट वाटू नये म्हणून. एसटीत कंडक्टरकी करून दिवसभर लोकांवर ओरडणारा हा माणूस घरात आला की गाय व्हायचा. "काय घातलंस गो ह्यात?" हौसाबाईंनी विचारलं. विमल पोळपाटावरून वर बघत म्हणाली, "वाल आहेत. शेजारच्या गिरजाबाईंनी दिले, घरच्या शेतातले. किती वेळ शिजवले तरी शिजेचनात." "भिजवले व्हतेस?" "नाही." "मोड?" "मोड कशाला?" "आन् सोलले नायस." "सोलायचे? इतके इतके वाल, एकेक करून?" आणि मग नगरकडची ती धीट पोर एकदम रडायलाच लागली. "मला कुणी सांगितलंच नाही. चार वर्षं झाली लग्नाला, या घरात वाल कधी आलेच नाहीत. कुणी सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

खरं होतं ते. अख्ख्या पेणात माघ-फाल्गुनात दारोदार वाल सोलत बसलेल्या बायका दिसतात, घराघरांतून डाळिंब्यांच्या आमटीचा वास येतो, आणि हौसाबाईंच्या घरात मात्र वालाचा दाणा यायचा नाही. का येत नाही हे रघूने लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा त्याला "हाय ते खा" एवढंच उत्तर मिळालं होतं. पुढे त्याने विचारलं नाही. विमलला तर विचारायचं सुचलंच नसेल. तिच्या माहेरी हुलगे आणि मटकी, वालाशी तिचं नातं ते काय. हौसाबाई तिला म्हणाल्या, "उगी. तुझं काय चुकलं नाय." सहज म्हणून गेल्या, पण म्हणता म्हणता आपण हे कुणाला म्हणतोय असं त्यांना वाटलं. कुणी सांगितलंच नाही. कसं कळणार. विमलने पातेलं नेऊन परसात उपडं केलं, कोंबड्या धावल्या, चोच लावून बाजूला झाल्या. हौसाबाई दारातून बघत होत्या. हात धुतलेला होता, तोंड दोनदा खळखळून झालं होतं, तरी कडू जात नव्हतं. रघू टोपी घालून निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "रोह्याची गाडी कधी हाय रे?"

रघू चपलेत पाय घालता घालता थांबला. गोविंदामामाचा निरोप येऊन बरेच दिवस झाले होते. रोह्याच्या गाडीवरच्या नाथाने तो आणला होता: आजोबांचं आता काही खरं नाही, हौसाचं नाव घेतात, एकदा येऊन जा. हौसाबाई तेव्हा "बघू" म्हणाल्या होत्या. त्यांचं "बघू" म्हणजे नाहीच, हे रघूला ठाऊक होतं. त्यामुळे आता आई पुन्हा फिरेल या धास्तीने तो त्यांना जवळजवळ ओढतच स्टँडवर घेऊन गेला आणि नाथाच्या गाडीत खिडकीशी बसवून म्हणाला, "रोह्याला नीट उतरव. मधे कुठं उतरते म्हणाली तर उतरू देऊ नको." नाथा हसला. हौसाबाईंना हसू आलं नाही. मधे कुठेतरी उतरावं असं त्यांना गाडी सुटायच्या आधीच वाटायला लागलं होतं.

त्यांच्याजवळ एक वाक्य होतं. पिशवीत लुगडं, पानाची चंची, आणि मनात हे वाक्य. बा, तुमच्या वालांनी माझं कुंकू पुसलं. किती साधं, सरळ. पस्तीस वर्षं त्यांनी ते सांभाळून ठेवलं होतं, कधी भाताच्या लावणीत, कधी रघूच्या तापात रात्र जागताना, कधी नुसत्या विहिरीवर दोर ओढताना ते आपोआप ओठांवर यायचं आणि त्या ते परत गिळायच्या, कारण ज्याला सांगायचं तो समोर नसायचा. समोर नसायचा म्हणजे काय, त्याच त्याच्या समोर जात नव्हत्या. आई गेली तेव्हासुद्धा त्या माहेरी खांबला गेल्या त्या स्मशानातून माणसं परतायच्या आत निघून आल्या. बाने तेव्हा लांबून बघितलं होतं. हाक मारली नव्हती. त्याला ठाऊक आहे, असं त्या तेव्हा मनात म्हणाल्या होत्या. ठाऊक आहे म्हणूनच तोंड उघडत नाही.

हौसाबाईंचा बा हैबतराव म्हणजे खांब गावचं मोठं प्रस्थ. मोठं म्हणजे काय, भात काढल्यावर त्याच ओलीत वाल टाकणाऱ्या माणसांत मोठं. पण आसपासच्या गावांचे वाल गोळा करून रोह्याला घालायचं त्याने सुरू केलं आणि मग ती लढाई लागली. गोऱ्या सरकारची फौज तुर्काशी लढायला बसऱ्याला जाणार, तिला धान्य पाहिजे, कडधान्य पाहिजे. रोह्याच्या व्यापाऱ्याने विचारलं, तुझे वाल टिकतील का रे इतक्या लांब? बा म्हणाला, आमचे वाल दोन पावसाळे टिकतात, बसऱ्याचं काय घेऊन बसलात. मग काय, खळ्यावर गाड्याच गाड्या. बा स्वतः माप घेऊन बसायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. तो 'लाभ' असा काही गाऊन म्हणायचा की चुलीपाशी ऐकू यायचं. गाड्या रोह्याला, रोह्याहून खाडीने गलबतं मुंबईला, आणि मुंबईहून आगबोटीने बसऱ्याला. बसरा कुठे आहे हे खांबात कुणाला माहीत नव्हतं, पण आपले वाल तिथे जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हौसा तेव्हा नुकतीच लग्न होऊन गडबला गेली होती आणि माहेरी आली की आईबरोबर सुपाने वाल पाखडायला बसायची. लाल डोळ्याचे, किडके, चपटे बाजूला काढायचे. सरकारच्या पानात खडा जायला नको, आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मग साहेबाचं म्हणणं आलं. धान्य देता तसे गडीही द्या. ज्याच्या घरचा माणूस फौजेत, त्याच्या मालाला नकार नाही. गोविंदा तेव्हा लहान. जावई सख्या मात्र भरल्या अंगाचा, कुस्ती खेळणारा. सख्याला कुणी ढकललं नाही, हे हौसाबाईंना मान्य होतं. सख्याला बूट पाहिजे होते, आगबोट बघायची होती. पण शब्द टाकला तो बाने. आणि निघायच्या दिवशी, हौसा दाराला टेकून मुसमुसत होती तेव्हा बा तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, "रडतेस कशाला गो? तुझा नवरा उपाशी नाय राहायचा. मी धाडलेले वालच खाईल तिकडं. घरचंच जेवण की." त्याला ते अगदी पटलेलं होतं. हौसालाही पटलं होतं. तिने डोळे पुसले होते. रघू तेव्हा पोटात होता आणि तिला स्वतःलाही नीट कळलेलं नव्हतं.

गाडी गडबला थांबली. हौसाबाईंनी पदर पुढे ओढला. इथे अजून कुणीतरी ओळखीचं निघायचं. रस्त्यालगत दुकानं झाली होती, चहाचं एक हॉटेल, सायकली भाड्याने देणारा कुणी. त्याच्यामागे ती वाडी असणार आणि तिथला तो ओटा, ज्याच्यावर जनू येऊन बसला होता. सख्याबरोबर गेलेला जनू, परत आला तो एक पाय ओढत. सख्या गेल्याचं सरकारी कळवणं आधीच आलं होतं, रडून झालं होतं, कुंकू पुसून झालं होतं. जनूने येऊन फक्त कसं ते सांगितलं. वाल आले गो वयनी, तो म्हणाला होता, रोह्याच्या गोणी मी बघून वळखल्या, आम्ही नाचलो. पण रांधणारे सगळे उत्तरेकडचे. त्यांनी उकळत्या पाण्यात तसेच टाकले. खाल्ले ते ओकले. इखार हाय म्हणाले. मग आम्ही गडी पुढं झालो, सांगितलं का भिजत घाला, मोड आणा. तिथलं ऊन, पाणी गढूळ; भिजले ते नासले, घाण सुटली. पुढं काय करतात ते आम्हांला कुठं येतं? आमच्या ताटात आले ते सोललेलेच आले. साहेब आला, नाकाला रुमाल लावला आणि सगळ्या गोणी नदीत टाकायला लावल्या. आम्हीच टाकल्या, वयनी. सख्याने आणि मी. मग थंडीत चहू बाजूंनी वेढा पडला आणि खायला काही उरलं नाही. सख्या भुकेनंच गेला, वयनी. हौसा एवढंच म्हणाली होती, "जा, खांबला जा. मला सांगितलंस तसं त्यांना सांग." जनू गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, जाऊन आलो म्हणाला. आणि त्या दिवसापासून वाल बंद, माहेर बंद.

गडब मागे गेलं. कापलेल्या भाताच्या शेतांत वालाचे वेल दिसत होते, हिरवे, फुलावर आलेले, काही ठिकाणी शेंगा धरलेल्या. इतकी वर्षं हौसाबाई या दिवसांत वाटेने जाताना शेताकडे बघायच्या नाहीत. आज बघत होत्या. विमलचं ते रडं डोक्यातून जात नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. इतके इतके वाल, एकेक करून? उत्तरेकडचा तो रांधप्याही असंच म्हणाला असेल, त्याच्या भाषेत. आणि सख्या त्याच्या समोर उभा असेल, एवढा मोठा गडी, वालाच्या मुलखातला, आणि त्याला उत्तर येत नसेल. पोपटी लावायची म्हटली असती तर सख्याने फौजेला पोपटी लावून दाखवली असती; मडकं, भांबुर्डीचा पाला, ओल्या शेंगा, जाळ किती आणि कधी काढायचं, त्यात त्याचा हात धरणारा गडबात नव्हता. शेतात, मोकळ्यावर, हसत खिदळत करायचं काम; ते पुरुषांचं. सुके वाल घरातले, आणि घरातलं ते बायकांचं. सख्या संध्याकाळी ओट्यावर यायचा, हौसा कोमट पाण्यात हात घालून वाल सोलत बसलेली असायची, बोटांच्या चिमटीत धरला की डाळिंबी सुळकन बाहेर. तो बघायचा. एखादी उचलून तोंडात टाकायचा, ती हातावर चापट मारायची. किती संध्याकाळी असा बघत बसला असेल. बघितलं, पण शिकला नाही. आणि शिकवायचं तिच्याही मनात कशाला येईल? घरी येणाऱ्या पावण्याला कुणी पाणी कसं प्यायचं ते शिकवतं का?

आणि बा? बाने आयुष्यात वाल मापले, तोलले, गाड्या भरल्या, पावसाळ्यात त्यांच्यावर राख टाकली, किडा कुठल्या गोणीत लागला ते नुसत्या वासाने सांगितलं. पण बाने एक वाल तरी सोलला असेल का? त्याच्या खळ्यावरून वाल गेले ते थेट त्याच्या ताटात येईपर्यंत मधे काय होतं, ते त्याने कधी बघितलं होतं का? जगात सगळीकडे चुलीपाशी आपल्या बायकोसारखी एक बाई असतेच, असंच त्याला वाटलं असणार. हौसाबाईंना हा विचार आवडला नाही. रागाला टांगायला खुंटी लागते आणि त्यांची खुंटी सकाळपासून हलत होती. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. बा, तुमच्या वालांनी माझं कुंकू पुसलं. शब्द तेच होते. नागोठणं गेलं, खांब आलं, नाथाने मागे वळून "म्हायेर आला ना, आत्या?" असं विचारलं, आणि त्यांनी बाहेर न बघताच मान हलवली. घर तर आता तिथे नव्हतंच. गोविंदाने रोह्यात पिठाची गिरणी टाकली आणि म्हाताऱ्याला तिकडे नेलं. तरी ते वाक्य आज बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. न बोलता तो गेला तर हे ओझं आपल्यालाच सरणापर्यंत न्यायचं. निदान त्याला ते एकदा ऐकू दे. एवढा हक्क आपला आहे.

गिरणी चालू होती. गोविंदा अंगभर पिठाने पांढरा, बहिणीला बघून त्याला काय करावं ते सुचेना. त्याने आधी हात झटकले, मग पाया पडला, मग पुन्हा हात झटकले. त्याची बायको सगुणा बाहेर आली, "वन्सं, आलात गो बाय," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत घेऊन गेली. आतल्या खोलीत गिरणीची घरघर भिंतीतून येत होती. खाटेवर बा. हौसाबाईंनी ओळखलं ते कानांवरून. बाकी फार थोडं उरलं होतं. खळ्यावर मांडी ठोकून बसलेला तो भरदार माणूस कुठे गेला, असं त्यांना अगदी रागाने वाटलं, जणू कुणीतरी त्यांची वस्तू परस्पर उचलून नेली होती. ज्याच्याशी भांडायचं तो हा नव्हताच.

"हौसा का गो?"

"व्हय, बा."

"लय उशीर केलास." तक्रार नव्हती ती. त्याने चाचपडत हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही, खाटेच्या कडेवर राहू दिला. सगुणा पाणी ठेवून बाहेर गेली. म्हातारा उशीवर जरा वर सरकला. मग म्हणाला, "तुला एक इचारायचं व्हतं. म्हनून बोलवत व्हतो."

"इचारा."

"तो जनू आलता. लढाईवरनं आल्यावर. जेवला. मी इचारलं, वाल पावले काय रे? म्हनाला, पावले. बस. पुढं काय बोलला नाय. तोंड खाली घालून बसला, आन् गेला."

 जाऊन आलो, एवढंच जनू म्हणाला होता. सांगून आलो असं नाही. म्हाताऱ्याच्या ताटावर बसून त्याच्या तोंडावर ते सांगायची त्याची छाती झाली नव्हती. आणि इतकी वर्षं त्या धरून बसल्या होत्या की बाला ठाऊक आहे आणि म्हणून बा गप्प आहे. मग हा काय समजून गप्प होता? जावयाला धाडलं म्हणून लेक रुसली, एवढंच?

"मंग तुझी आय गेली," म्हातारा बोलत होता. गिरणीच्या आवाजात त्याचं बोलणं विरत होतं, त्या वाकल्या. "सगुणा बाळतपनाला गेलती. घरात मी येकटा. म्हटलं, वाल टाकू चुलीवर, त्यात काय. टाकले. घास घेतला आन् थुकलो गो. कडू जहर. तवा मला कळला. सगला जनम वालात गेला, आन् मला वाल शिजवता येत नाय."  त्याचे डोळे खोलीत कुठेतरी फिरत होते, त्यांना शोधत असावेत. "तवापासून इचार करतो. येवढ्या गोनी धाडल्या. फौजेत बायका नसतात. मंग सोलले कोनी? सांग. तुला जनू बोलला आसल. सोलले कोनी?"

आता. वाक्य तयार होतं. त्याने स्वतःच दार उघडून दिलं होतं, नुसतं आत ढकलायचं. हौसाबाईंनी तोंड उघडलंही. आणि त्यांना दिसलं की हे वाक्य त्याच्याजवळ आधीच आहे. त्याने ते एकट्याने, चुलीपाशी बसून, कडू तोंडाने शोधून काढलं आहे, आणि तेव्हापासून त्यांच्यासारखाच तोही ते गिळतो आहे. फक्त शेवटचा शब्द त्याला त्यांच्याकडून पाहिजे. इतका दमलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना त्याची दया आली, आणि दया येते आहे याचं आश्चर्यही वाटलं.

"व्हते की सोलायला," त्या म्हणाल्या.

"कोन?"

"जावई तुमचे."

"त्याला कुठं येत व्हता?"

"मी शिकिवलं व्हतं. संध्याकाळी वट्यावर बसायचे ना माझ्यासमोर. आयते कशाला खाता, म्हटलं, सोला." बोलता बोलता त्यांचा आवाज सुटला. "तिथं रांधपे समदे उत्तरेकडचे. त्यांना काय कळतंय. हे पुढं झाले. पटक्याचं फडकं फाडलं, त्यात वाल बांधले. तिथं ऊन कसलं, बा, येका रातीत हे येवढाले मोड. मंग गडबची समदी पोरं गोल करून बसली सोलायला. उत्तरेकडचे आधी हसले. आन् मंग आमटी खाल्ल्यावर बोटं चाटीत परत मागायला आले."

"जनू मला नाय बोलला."

"तुमच्यासमोर लाजला. बाप्ये बसून वाल सोलत व्हते, ही काय सासऱ्याला सांगायची गोष्ट हाय?"

म्हातारा हसला. हसला म्हणजे छातीत काहीतरी हललं आणि तोंड उघडं राहिलं. "खरा हाय," तो म्हणाला. "लाजलाच आसल."  गिरणी बंद पडली, गोविंदाने पट्टा उतरवला असावा, आणि त्या शांततेत त्याने अगदी हळू विचारलं, "म्हंजे उपाशी नाय ना गेला?"

"नाय, बा," हौसाबाई म्हणाल्या. "जेवून गेले."

त्याने डोळे मिटले. हौसाबाईंनी खाटेच्या कडेवरचा त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना, कारण पस्तीस वर्षांत सख्याला पोटभर जेवताना त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.